बॅटरी दिवसभर, गेम संध्याकाळी: विद्यार्थ्याने लॅपटॉप कसा निवडावा

वजनाला हलका हवा, दिवसभर चार्जर न लावता चालायला हवा आणि रात्री दोन-तीन गेमही खेळता यायला हवेत. विद्यार्थ्यांच्या अपेक्षा बहुधा एवढ्यावर संपतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. दुकानात या अपेक्षांची दोन वेगळी कपाटं असतात. एकात पातळ, शांत, दिवसभर चालणारे लॅपटॉप, तर दुसऱ्यात जाडजूड, रंगीत दिव्यांचे गेमिंगवाले. मधला रस्ता आहे, आणि गेल्या काही वर्षांत तो चांगलाच रुंद झालाय. पण तो कपाटावरच्या पाटीवर दिसत नाही, स्पेसिफिकेशनच्या कागदात दडलेला असतो. तो कागद कोणत्या क्रमाने वाचायचा, हे या लेखात सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हलकं गेमिंग आणि लांब बॅटरी हवी असलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेऊ नये. प्रोसेसरमध्येच असलेलं चांगलं ग्राफिक्स, रॅमचे दोन्ही चॅनल भरलेले (म्हणजे काय ते चौथ्या पायरीत) आणि साठ वॅट-अवरच्या पुढची बॅटरी, एवढं जुळलं की काम होतं. अपवाद आहेत, ते पुढे येतील.

पहिली पायरी: जाहिरातीतले तास सोडा, वॅट मोजा

बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॅट-अवरमध्ये मोजतात आणि लॅपटॉप ती किती वेगाने खातो ते वॅटमध्ये. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की तास मिळतात. ६० वॅट-अवरची बॅटरी आहे आणि नोट्स लिहिताना, ब्राउझर चालवताना लॅपटॉप सरासरी ६ वॅट घेतोय, तर १० तास. व्हिडिओ कॉलवर तो १२ वॅटपर्यंत गेला, तर ५ तास. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर गेम लावला की सगळा लॅपटॉप मिळून साधारण २५ ते ४० वॅट घेतो. म्हणजे दीड ते जेमतेम अडीच तासांत खेळ आटोपला. वेगळं ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोरात चाललं तर एकट्या कार्डालाच बहुधा याहून जास्त लागतात. म्हणून बॅटरीवर सहा तास मोठा गेम चालवणारा लॅपटॉप शोधत बसू नका. गेम शक्यतो प्लगजवळ आणि अभ्यास कुठेही, अशी वाटणी एकदा मान्य केली की निवड बरीच सोपी होते.

कंपनी ‘१८ तास’ किंवा ‘२२ तास’ लिहिते तेव्हा तो आकडा सहसा मंद उजेडात, लॅपटॉपवर साठवलेला व्हिडिओ चालवून काढलेला असतो. व्हिडिओ उलगडायला प्रोसेसरमध्ये वेगळा छोटा भाग असतो, तो अगदी कमी वीज घेतो. वाय-फाय, पंधरा टॅब, चॅटचं ॲप आणि खिडकीजवळ वाढवलेला उजेड हे त्यात धरलेलं नसतं. अशा आकड्यातून निम्मे ते दोन तृतीयांश तास हाती लागतील असं धरून चालावं.

बॅटरीचा आकडा वाचताना दोन फसवे शब्द भेटतात. ‘३ सेल’, ‘४ सेल’ यावरून क्षमता कळत नाही, कारण सेल लहान-मोठे असतात. दुसरा शब्द मिलीअँपिअर-अवर. फोनच्या सवयीने आपण तो आकडा पाहतो, पण लॅपटॉपच्या बॅटरीचं व्होल्टेज वेगळं असतं. ४००० मिलीअँपिअर-अवर आणि १५.४ व्होल्ट असेल तर ४ गुणिले १५.४, म्हणजे ६१.६ वॅट-अवर. व्होल्टेज दिलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

माझ्या हिशेबाने ५० वॅट-अवरच्या खाली जाऊ नये. ६० ठीक आहे, ७० मिळाले तर उत्तम. शंभराच्या वर सहसा कोणी जात नाही, कारण विमानात परवानगीशिवाय सोबत नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-अवर आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: बॅटरी झिजते. दोन-तीन वर्षांच्या वापरानंतर तिची क्षमता पाचव्या हिश्शाने कमी झाली तर ते नेहमीचंच समजा. तीन-चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी घेत असाल तर आज गरजेपेक्षा दोन तास जास्तच हवेत.

दुसरी पायरी: गेमची नावं कागदावर लिहा

‘हलकं गेमिंग’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका, स्वतःच्यासुद्धा. पुढच्या वर्षभरात खरोखर खेळणार आहात ते चार-पाच गेम नावानिशी लिहा. स्टारड्यू व्हॅली, हेडीस, माइनक्राफ्ट असे गेम गेल्या चार-पाच वर्षांतल्या जवळपास कुठल्याही बऱ्या लॅपटॉपवर चालतात. माइनक्राफ्टमध्ये शेडर, म्हणजे उजेड-सावल्या खुलवणारी भर, टाकले नाहीत तर, एवढीच अट. व्हॅलोरंट, लीग ऑफ लेजंड्स, डोटा २, रॉकेट लीग, काउंटर-स्ट्राइक २ हे स्पर्धात्मक गेम मुद्दामच साध्या यंत्रांवर चालतील असे बनवलेले असतात. त्यातला काउंटर-स्ट्राइक २ जरा जास्त खातो. त्याच्या पुढच्या पायरीवर जीटीए ५ सारखे जुने मोठे गेम येतात. चांगल्या अंतर्गत ग्राफिक्सवर, सेटिंग मध्यम ठेवून, तेही खेळता येतात. मात्र यादीत या वर्षीचे मोठे, भव्य गेम दोन-तीन असतील तर तुमचं गेमिंग हलकं नाही. ते आत्ताच मान्य करा, पैसे वाचतील.

यादी झाली की प्रत्येक गेम कोणत्या सिस्टिमवर चालतो ते पाहा. व्हॅलोरंट मॅकवर नाही. काउंटर-स्ट्राइक २ सुद्धा मॅकवर नाही, त्याच्या आधीचा भाग तिथे चालत असे तरीही. लीग ऑफ लेजंड्स आणि माइनक्राफ्ट मॅकवर चालतात. फसवणूक रोखणारी सॉफ्टवेअर, म्हणजे अँटी-चीट, हा सगळ्यात मोठा अडसर. गेम एरवी चालला असता, पण अँटी-चीट त्या प्रोसेसरला किंवा लिनक्सला ओळखत नाही म्हणून अडतो, असं नेहमी घडतं.

याच कागदाच्या मागच्या बाजूला अभ्यासाची सॉफ्टवेअर लिहा. हे काम कंटाळवाणं असतं म्हणून लोक टाळतात आणि मग दुसऱ्या सत्रात अडकतात. सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच आहे. ऑटोकॅड मॅकवर आहे, पण विंडोजच्या आवृत्तीतलं सगळं त्यात नाही. एनव्हिडियाच्या कूडा या प्रणालीवर आधारलेलं मशीन लर्निंग शिकणार असाल तर एनव्हिडियाचंच कार्ड लागतं, दुसरं चालत नाही. ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर, प्रयोगशाळेतल्या उपकरणांचे ड्रायव्हर, हेही वरच्या वर्गातल्या कुणाला तरी आधी विचारा. गेम आणि अभ्यास यांत तडजोड करायची वेळ आली तर कोणाचं पारडं जड, हे सांगायला मी कशाला हवा!

तिसरी पायरी: प्रोसेसर, कारण ग्राफिक्स त्याच्या पोटात आहे

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. वेगळं कार्ड घ्यायचं नाही म्हटल्यावर गेम कसे चालणार हे प्रोसेसरच ठरवतो आणि बॅटरी किती टिकणार हेही बऱ्याच अंशी तोच.

एएमडीपासून सुरुवात करू. त्यांच्या अंतर्गत ग्राफिक्सची नावं आकड्यांत आहेत: रेडिऑन ६८०एम, ७८०एम, ८८०एम, ८९०एम. यातल्या पहिल्या तिघांत बारा-बारा गणन एकक, म्हणजे चित्र काढायचं काम वाटून घेणारे भाग, आहेत आणि ८९०एममध्ये सोळा. ६८०एम रायझन ७ ६८००यू सारख्या प्रोसेसरमध्ये आला, ७८०एम ७८४०यू आणि ८८४०यूमध्ये, तर ८८०एम आणि ८९०एम २०२४ च्या रायझन एआय ३०० मालिकेत. रायझन ५ घेतलात तर बहुधा ७६०एम मिळतो, त्यात आठ एकक. वरच्या यादीतले स्पर्धात्मक गेम यातल्या कशावरही छान चालतात. ७८०एम हा मला गेली काही वर्षं सगळ्यात शहाणा सौदा वाटत आलाय: पुरेसा ताकदवान आणि आता नवा-कोरा नसल्यामुळे तुलनेने स्वस्त.

पण एएमडीच्या नावांत एक सापळा आहे. ७००० च्या मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतली रचना किती जुनी ते सांगतो. ७५२०यूमध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आतला गाभा झेन २, कित्येक वर्षं जुना, आणि ग्राफिक्समध्ये फक्त दोन एकक. ७७३०यूमध्ये तिसरा ३, म्हणजे झेन ३ आणि सोबत जुनं व्हेगा ग्राफिक्स. ७८४०यूमध्ये ४, हा खरा नवा. डब्यावर तिघांच्याही नावाची सुरुवात ‘७’ने होते आणि ७७३०यूवर तर ‘रायझन ७’ असं दिमाखात लिहिलेलं असतं. नाव मोठं, लक्षण खोटं! व्हेगावाले लॅपटॉप अभ्यासाला वाईट नाहीत, पण गेमसाठी ७८०एमच्या आसपासही नाहीत.

इंटेलकडे शेवटचं अक्षर पाहायचं. कोअर अल्ट्राच्या दुसऱ्या मालिकेत २५५यू, २५५एच आणि २५८व्ही अशी जवळजवळ जुळी नावं आहेत, पण आतून तिघं वेगळे. यू अक्षराचा वीज कमी घेतो, पण त्याचं ग्राफिक्स निम्मंच असतं. एच अक्षराचा कामाला दणकट, ग्राफिक्सही चांगलं, पण जोरात चालवला की वीज जास्त पितो. व्ही अक्षराचे, म्हणजे २०२४ मध्ये आलेले लुनार लेक, या लेखाच्या विषयासाठी जवळपास मापून शिवलेले आहेत. आर्क १४०व्ही किंवा १३०व्ही ग्राफिक्स, प्रोसेसरच्याच तुकड्यावर बसवलेली रॅम आणि हलक्या कामात अतिशय कमी वीज. त्यांची रॅम नंतर वाढवता येत नाही. मॉडेलचा शेवटचा आकडा ८ असेल तर ३२ जीबी, ६ असेल तर १६ जीबी, हे नावातच कळतं. ‘अल्ट्रा’ नसलेले कोअर ५ १२०यू, कोअर ७ १५०यू असे प्रोसेसर मागच्या पिढीची रचना नव्या नावाने विकतात. दुकानदार ‘लेटेस्ट आहे’ म्हणतो तेव्हा पूर्ण मॉडेल क्रमांक मागा. तो न सांगणाऱ्या जाहिरातीवरून लॅपटॉप घेऊच नका.

ॲपलचा मॅकबुक एअर बॅटरीच्या बाबतीत २०२० च्या एम१ प्रोसेसरपासून बहुतेकांच्या पुढेच राहिला. त्याला पंखा नाही, त्यामुळे ग्रंथालयात आवाज शून्य. मात्र अर्धा तास गेम चालला की उष्णतेमुळे वेग उतरतो. तुमच्या यादीतले सगळे गेम मॅकवर असतील तर आनंदाने घ्या. एखादा जरी आवडता गेम मॅकवर नसेल तर ‘काहीतरी जुगाड करू’ या भरवशावर घेऊ नका.

क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरवरचे विंडोज लॅपटॉप २०२४ च्या मध्यावर आले. बॅटरी सुरेख, पण इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले गेम त्यांच्यावर भाषांतर होऊन चालतात. काही ठीक चालतात, काही अडखळतात, काही अँटी-चीटपाशी थांबतात. शिवाय जुन्या प्रिंटरचे, प्रयोगशाळेतल्या यंत्रांचे ड्रायव्हर त्यांच्यावर चालतीलच असं नाही. गेम हा तुमच्यासाठी केवळ चवीपुरता विषय असेल तरच इकडे वळा.

चौथी पायरी: रॅम किती, यापेक्षा रॅम कशी

१६ जीबी घ्या. ८ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि गेम यांची भांडणं लागतात. त्यातूनच दोन-चार जीबी अंतर्गत ग्राफिक्सही उचलतं, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते. हेच कारण पुढच्या, जास्त महत्त्वाच्या मुद्द्याचं.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर स्वतःची वेगवान मेमरी असते. अंतर्गत ग्राफिक्स मात्र चित्र काढायला लागणारा सगळा माल रॅममधूनच ओढतं. लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर मेमरीचा एकच चॅनल चालतो. ५६०० वेगाच्या डीडीआर५ ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त ४४.८ जीबी माल देते, दोन पट्ट्या ८९.६. बोर्डावरच जोडलेली ७५०० वेगाची एलपीडीडीआर५एक्स रॅम नेहमीच्या रुंदीत १२० देते. म्हणजे तोच प्रोसेसर, तेच ग्राफिक्स, तरी १६ जीबीची एकच पट्टी असलेला लॅपटॉप ८ अधिक ८ वाल्यापेक्षा गेममध्ये स्पष्टपणे मागे पडतो. विकणारे ‘१६ जीबी’ एवढंच लिहितात आणि पुढे वाढवता येईल हे कौतुकाने सांगतात. ते खरंच आहे, पण दुसरी पट्टी टाकेपर्यंत निम्मा रस्ता बंद असतो.

इंटेलने तर हे नावातच दाखवून दिलंय. आयरिस एक्सई ग्राफिक्सच्या लॅपटॉपमध्ये एकच चॅनल भरलेला असेल तर विंडोज त्याला साधं ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणून दाखवतं. कोअर अल्ट्राच्या एच प्रोसेसरमध्येही पुरेशी, दोन चॅनलची मेमरी नसेल तर ‘आर्क’ हा शब्द गायब होतो. लॅपटॉप हाती आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ग्राफिक्सचं नाव आणि मेमरीचे किती स्लॉट वापरात आहेत, दोन्ही दिसतं.

आता जोडलेली रॅम की स्लॉटवाली? बॅटरीच्या दृष्टीने जोडलेली एलपीडीडीआर रॅम सरस: वेगवान आणि कमी वीज खाणारी. फक्त पुढे वाढणार नाही, म्हणून घेतानाच १६ च्या खाली जायचं नाही. परवडत असेल आणि व्हर्च्युअल मशीन वगैरे चालवणार असाल तर ३२. स्लॉटवाला घेतलात तर दोन पट्ट्या भरलेल्या आहेत याची लेखी खात्री करा, किंवा दुसऱ्या पट्टीचे पैसे सुरुवातीलाच हिशेबात धरा.

पाचवी पायरी: वेगळं ग्राफिक्स कार्ड कोणी घ्यावं

विभागाला एनव्हिडिया लागतं, थ्रीडी रेंडरिंग करायचंय किंवा यादीत नवे मोठे गेम आहेत, असं असेल तर घ्या. पण डोळे उघडे ठेवून. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०५० कार्डाचं हे एकच नाव ३५ वॅटच्या पातळ लॅपटॉपमध्येही असतं आणि ११५ वॅटच्या जाड लॅपटॉपमध्येही. दोघांच्या वेगात मोठी तफावत असते, म्हणून कार्डाचे वॅट विचारा. स्वस्त गेमिंग लॅपटॉप सव्वादोन किलोच्या आसपास असतो, त्याच्यासोबत अर्ध्या किलोहून जड चार्जर येतो. हे ओझं पाठीवर रोज वाहायचं आहे, फक्त शनिवारी नाही.

काम नसताना कार्ड झोपतं आणि अंतर्गत ग्राफिक्स कारभार पाहतं, असा बेत या लॅपटॉपमध्ये असतो. पण ब्राउझर किंवा मागे चालणारं एखादं ॲप कार्डाला जागं ठेवतं आणि सात तासांची बॅटरी चार तासांत संपते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, ग्राफिक्स या विभागात, कोणतं ॲप कोणत्या ग्राफिक्सवर चालावं ते ठरवता येतं. तिथे ब्राउझर, नोट्स, चॅट या सगळ्यांना वीज वाचवणारा पर्याय लावा. असा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर १४ इंची, ७० वॅट-अवरच्या पुढचा आणि यूएसबी-सीवरूनही चार्ज होणारा बघा, म्हणजे वर्गात लहान चार्जर नेता येतो आणि मोठा घरी राहतो.

सहावी पायरी: पडदा, वजन, चार्जर

आकार १४ इंच. यावर फार चर्चेची गरज वाटत नाही. १३ इंचीत उष्णता बाहेर काढायला जागा कमी पडते, तर १६ इंची बॅगेत अडतो. १.२ ते १.५ किलो हे वजन रोज नेण्यासारखं. आकडा वाचताना चार्जरचं वजनही त्यात मिळवा.

पडद्यावर मात्र थांबा, कारण बॅटरी आणि गेम दोन्ही इथे अडकलेले आहेत. १९२० गुणिले १२०० हे रिझोल्यूशन या वापरासाठी पुरेसं आहे. २८८० गुणिले १८०० चा पडदा दिसायला देखणा, पण त्यात सव्वादोन पट ठिपके असतात आणि अंतर्गत ग्राफिक्सला ते सगळे रंगवायचे म्हणजे दमछाक. असा पडदा असलेला लॅपटॉप आवडलाच असेल तर गेम १४४० गुणिले ९०० वर चालवा. ते बरोबर निम्मं-निम्मं होत असल्याने एका ठिपक्याच्या जागी चार ठिपके बसवता येतात.

उजेड किमान ३०० निट, खिडकीजवळ किंवा बाहेर बसत असाल तर ४००. ‘२५० निट, ४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असेल तर पडदा फिका आणि मलूल असणार हे नक्की. त्या बचतीचा रोज चार-सहा तास त्रास होतो. ओलेडचा काळा रंग सुंदर असतो, पण अभ्यासाची पानं पांढरी असतात आणि पांढऱ्या पानावर ओलेड जास्त वीज खातो. डार्क मोड वापरत असाल तर घ्या. मंद उजेडात ओलेडची लुकलुक काहींच्या डोळ्यांना सोसत नाही, म्हणून दुकानात उजेड पार कमी करून दहा मिनिटं वाचून पाहा. १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा ताजं होणारं चित्र, गेमला छान, अभ्यासाला चैन. बॅटरीवर असताना ६० करून ठेवा.

चार्जर यूएसबी-सीचा, ६५ वॅटचा असावा, म्हणजे फोनलाही तोच चालतो आणि हरवला तरी कुठेही दुसरा मिळतो. कमी वॅटच्या चार्जरवर गेम खेळलात तर प्लग लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरते, याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. पॉवर बँक घेणार असाल तर तिथे हिशेब बदलतो: २०,००० मिलीअँपिअर-अवर हा आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे ७४ वॅट-अवर, आणि त्यातलेही काही वाटेत वाया जातात. तरीही लॅपटॉपला जवळपास एक पूर्ण चार्ज मिळतो. पॉवर बँक ६५ वॅटने वीज देणारी हवी.

स्टोरेज ५१२ जीबीचं एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी. एक-एक मोठा गेम शंभर जीबीच्या घरात जातो, त्यामुळे २५६ लवकर भरतं. ‘ईएमएमसी’ (संथ, स्वस्त स्टोरेज) हा शब्द दिसला की पुढच्या लॅपटॉपकडे वळा. कीबोर्डवर पाच मिनिटं टाइप करून पाहा, वेबकॅम पाहा, एचडीएमआय आहे का पाहा. बाकी फिंगरप्रिंट, एआयचं बटण, झाकणाचा रंग हे तुमच्या आवडीचे विषय.

सातवी पायरी: जुना घेत असाल तर

दोन-तीन वर्षं जुना, ७८०एम किंवा ६८०एमवाला लॅपटॉप ही उत्तम खरेदी ठरू शकते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून अधिकृतपणे विंडोज ११ चालणाराच घ्या. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पैसे देण्याआधी बॅटरी रिपोर्ट काढा. कमांड प्रॉम्प्ट उघडून, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता, ‘पॉवरसीएफजी’ लिहायचं, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport). एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी असतात. आत्ताची मूळच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

आठवी पायरी: परत करण्याची मुदत संपायच्या आत

नवा लॅपटॉप आला की खोका, थर्माकोल, पिशव्या, सगळं जपून ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात त्याची परीक्षा घ्या. आधी अपडेट सगळे होऊ द्या. अपडेट चालू असताना बॅटरी भराभर उतरते आणि लोक उगाच घाबरतात.

मग तुमच्या नेहमीच्या दिवसासारखा एक दिवस चार्जरशिवाय काढा: तेच टॅब, तोच उजेड, तेच व्हिडिओ. १०० पासून २० टक्क्यांपर्यंत किती तास गेले ते लिहून ठेवा. त्याच्या सव्वापट हा तुमचा खरा आकडा.

गेमची परीक्षा दोनदा घ्या. प्लग लावून अर्धा तास खेळा आणि पहिल्या पाच मिनिटांतल्या फ्रेम (सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा) शेवटच्या पाच मिनिटांतल्या फ्रेमशी ताडून पाहा. उष्णतेने वेग पडत असेल तर तो पंधरा-वीस मिनिटांनंतरच दिसतो, दुकानातल्या दोन मिनिटांच्या डेमोत कधीच नाही. मग खेळता-खेळता प्लग काढा. काही लॅपटॉप बॅटरीवर फारसे मंदावत नाहीत, काही एकदम निम्म्यावर येतात. आपल्याकडचा कोणत्या जातीचा आहे ते आत्ताच कळलेलं बरं. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, त्यामुळे या चाचणीसाठी एखादा जड गेम घेऊन पाहायलाही हरकत नाही.

गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची कमाल मर्यादा ६० लावा, मेनूच्या पानांसाठीही वेगळी मर्यादा असेल तर तीही. मर्यादा नसेल तर रिकाम्या मेनूवरसुद्धा ग्राफिक्स जिवाच्या आकांताने शेकडो फ्रेम काढत राहतं आणि पंखा ओरडतो. गेममध्ये एफएसआर किंवा एक्सईएसएस असेल तर ‘क्वालिटी’वर ठेवून पाहा. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवण्याची ही युक्ती अंतर्गत ग्राफिक्सला बराच हात देते. लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावर प्लग लावूनच राहणार असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून ठेवा आणि लांबच्या दिवसाच्या आदल्या रात्री ती काढा.

शेवटची चाचणी झोपेची. रात्री टक्केवारी पाहून झाकण बंद करा, चार्जर लावू नका, सकाळी पुन्हा पाहा. तीन-चार टक्के गेले तर चालेल. पंधरा-वीस टक्के गेले किंवा लॅपटॉप बॅगेत गरम लागला, तर तो झोपेतही जागा राहतोय. पॉवर सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा मोजा. हायबरनेटवर लॅपटॉप जवळजवळ पूर्ण बंदच असतो, उघडताना फक्त काही सेकंद जास्त लागतात. त्यानंतरही बॅटरी तशीच उतरत असेल तर दुरुस्ती केंद्राच्या नादी लागू नका, मुदत आहे तोवर खोक्यात भरून परत पाठवा.